लिव्हर-ॲक्शन कार्बाइन, रिव्हॉल्व्हरच्या काडतुसांची

रिव्हॉल्व्हरमध्ये चालणारेच काडतूस वापरणारी, चापाखालची दांडी खाली-वर करून भरली जाणारी आखूड नळीची रायफल. नळीखाली समांतर बसवलेल्या नळकांड्यात काडतुसे एकामागे एक राहतात. दांडी खाली ओढली की रिकामे काडतूस बाहेर पडते व घोडा चढतो, वर घेतली की नवे काडतूस कोठीत, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी बार होतो त्या जागेत, जाते.

हिचा उगम साधारणपणे १८६० च्या हेन्री रायफलपर्यंत नेतात. विंचेस्टर कंपनीच्या १८६६ च्या रायफलीत बाजूच्या झडपेतून काडतुसे भरण्याची सोय आली आणि १८७३ च्या नमुन्याबरोबर .४४-४० हे काडतूस आले. ते मुळात रायफलसाठी बनले. कोल्ट कंपनीने त्या मापाचे रिव्हॉल्व्हर १८७८ च्या सुमारास काढले. त्यामुळे ‘पिस्तुली कॅलिबर’ (पिस्तुलाच्या मापाची) ही संज्ञा या घराण्याला मागाहून चिकटली आहे.

त्या काळातले सर्वांत प्रसिद्ध रिव्हॉल्व्हर-काडतूस .४५ कोल्ट. पण एकोणिसाव्या शतकातल्या विंचेस्टर वा मार्लिनच्या लिव्हर रायफली त्या मापात निघाल्या नाहीत. याची दोन कारणे दिली जातात. एका मते हा धंद्याचा प्रश्न होता : विंचेस्टरला स्वतःचे काडतूस विकायचे होते. दुसऱ्या मते दोष काडतुसाच्या बुडाच्या कडेत होता. कोल्टच्या रिव्हॉल्व्हरमध्ये रिकामे काडतूस आतून सळईने ढकलून काढतात, म्हणून कड रुंद असण्याची गरज नव्हती. रायफलीत मात्र आकडा त्याच कडेला धरून काडतूस मागे खेचतो. .४४-४० च्या कडेचा व्यास सुमारे ०.५२५ इंच व बुडाशी अंगाचा ०.४७१ इंच, तर .४५ कोल्टची कड आजही ०.५१२ इंच व अंग ०.४८० इंच, म्हणजे आकड्याला पकड मिळते ती प्रत्येक बाजूस जेमतेम ०.०१६ इंच. जुन्या काडतुसांत ती याहूनही कमी होती. शिवाय .४४-४० चे पातळ, मानेशी निमुळते पितळ कोठीच्या भिंतीला घट्ट चिकटते आणि काळ्या दारूची काजळी मागे येऊ देत नाही. आजची .४५ कोल्टची लिव्हर रायफल नीट चालते हा दुसऱ्या मतावरचा आक्षेप, पण आधुनिक काडतुसाला कडेच्या वर आकड्यासाठी खाच असते, जुन्याला नव्हती. हे पाहता कडेचे कारण अधिक पटते.

निवड करताना आधी काडतूस ठरवावे, रायफल नंतर. .३५७ मॅग्नमची १५८ ग्रेनची (ग्रेन हे गोळीच्या वजनाचे एकक) गोळी चार इंची रिव्हॉल्व्हरमधून सेकंदाला सुमारे १,२०० फूट वेगाने निघते. १६ ते १८ इंची नळीतून तीच १,७०० च्या आसपास जाते. .४४ मॅग्नमलाही असाच मोठा फायदा मिळतो. .३८ स्पेशल हे .३५७ च्या कोठीतही चालणारे आखूड काडतूस. त्याच्या हलक्या भरणीत दारू लवकर जळून संपते, त्यामुळे लांब नळीचा लाभ थोडाच. फार हलक्या भरणीची तांब्याचे कवच असलेली गोळी नळीतच अडकण्याचा धोकाही असतो : आवाज दबका आला तर पुढचा बार करण्याआधी रायफल रिकामी करून नळीतून आरपार पाहावे. .३५७ च्या कोठीत सतत .३८ वापरले की पुढे काजळीचे कडे साचते आणि मग .३५७ चे काडतूस आत जाताना अडते.

काडतुसे टोक-बुड अशी ओळीत राहत असल्याने गोळीचे टोक सपाट हवे. टोकदार गोळी पुढच्या काडतुसाच्या बुडातल्या प्रायमरवर (दारू पेटवणाऱ्या टोपीवर) आदळून स्फोट होऊ शकतो. काडतुसाचे तोंड गोळीच्या खाचेत घट्ट आवळलेले हवे, नाहीतर स्प्रिंगच्या दाबाने गोळी आत सरकते.

१८७३ नमुन्यात काडतूस उचलणारा ठोकळा एका ठरावीक लांबीसाठी बनवलेला असतो. काडतूस आखूड पडले तर मागोमागचे अर्धवट ठोकळ्यात शिरते आणि ठोकळा वरच जात नाही. या नमुन्याची सांध्याची कुलूपरचना नाजूक आहे. त्यात जोरदार भरण वापरू नये. शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगने आखलेल्या १८९२ नमुन्यात मागच्या बाजूला दोन उभे अडसर आहेत. त्याच्या ब्राझीलमधील रॉसी कंपनीच्या प्रती .४५४ कॅसुलसारख्या दणकट काडतुसातही निघाल्या. १६ इंची नळीची रॉसी सव्वादोन किलोच्या आसपास, म्हणून हातात हलकी. पण रिकामे काडतूस वर उडत असल्याने दुर्बीण बसवणे अवघड.

मार्लिन १८९४ बाजूने काडतूस फेकते, वरून बंद असते आणि एक स्क्रू काढला की दांडी व कोठी मागून बंद करणारा बोल्ट सुटतात. सफाई मागूनच होते. तिचा नेहमीचा आजार वेगळा. दांडीची धारदार कड उचलपट्टीला घासून तिच्यात खाच पाडते. मग पट्टी वेळेवर वाट अडवत नाही, दुसरे काडतूस तिच्याखाली घुसते आणि दांडी अर्ध्यावर अडकते. कड नवी असतानाच हलकेच गोलसर करून घेणे हा उपाय. खाच पडल्यावर पट्टी बदलावी लागते. .४४ मॅग्नमच्या जुन्या मार्लिनमध्ये नळीतल्या, गोळीला फिरकी देणाऱ्या आट्यांचा पीळ ३८ इंचांत एक फेरा इतका सैल आहे, त्यामुळे ३०० ग्रेनच्या लांब गोळ्या डळमळतात. तिथे २४० ग्रेन सुरक्षित निवड. ओतीव शिशाची गोळी घ्यायची तर नळीचे माप घ्यावे, ०.४३१ इंचाच्या खोबणीत ०.४२९ ची गोळी सैल पडते, नेम बिघडतो आणि नळीत शिसे साचते.

खरेदीपूर्वी आपल्याच काडतुसांच्या मापाची निर्जीव (दारू व प्रायमर नसलेली) काडतुसे भरून दांडी पूर्ण व जोरात फिरवून पाहावी. अर्धवट ओढणे हेही अडकण्याचे मोठे कारण असते.

अमेरिकेत रायफलच्या नळीची किमान लांबी १६ इंच असल्याने सर्वांत आखूड नमुने त्या मापावर थांबतात. भारतात शस्त्र अधिनियम १९५९ व शस्त्र नियम २०१६ यांनुसार परवाना लागतो.