संगीत बारीतील गीतनिवड (कोल्हापूर परिसर)

संगीत बारी या स्त्रीप्रधान तमाशाप्रकारात कोणती गाणी घ्यायची, ती कोणत्या क्रमाने लावायची आणि कोणाच्या गळ्यातून काढायची हे ठरवण्याची परंपरागत रीत. ढोलकी फडाच्या तमाशात गण, गवळण, बतावणी, रंगबाजी आणि वग (कथानाट्य) असा बांधीव क्रम असतो. गाणे तिथे वगाच्या आश्रयाने येते. संगीत बारीत वग नाही. रात्र पेलायची ती गाण्याने आणि नाचाने. त्यामुळे फडात जे काम वगलेखक करतो, ते इथे निवड करणारी बाई करते. ही बाई बहुधा पार्टीची मालकीण असते. पार्ट्या लहान-मोठ्या असतात. मात्र बैठकीला बसणाऱ्या लहान पार्टीत मुख्य गाणारी एक आणि मुखडा (गाण्याची पुनःपुन्हा येणारी आरंभीची ओळ) उचलून धरणाऱ्या दोघी, असा तिघींचा मेळ पुष्कळदा दिसतो. त्यांच्या मागे पेटी, तबला आणि ढोलकी. प्रस्तुत नोंदीत अशा मेळाचा विचार मुख्यतः केला आहे.

गाण्यांचा उगम : बारीतल्या गाण्यांच्या साठ्याचे अभ्यासक सामान्यतः चार थर मानतात : पेशवाईच्या अखेरच्या काळातील शाहिरांच्या लावण्या, उत्तरेकडून आलेली ठुमरी-दादरा-गझल, मराठी रंगभूमीची पदे आणि चित्रपटातील लावणी. पैकी पहिल्या दोन थरांचे परस्परनाते वादग्रस्त आहे. एका मताप्रमाणे बैठकीची लावणी (बसून, अदेने सादर होणारी) हा शाहिरी लावणीचाच दरबारी अवतार होय. दुसऱ्या बाजीरावाच्या (कारकीर्द १७९६–१८१८) सांगण्यावरून होनाजी आणि बाळा या जोडीने रागदारीच्या चालींवर लावण्या बांधल्या व तंबोऱ्याच्या साथीने गायल्या, अशी परंपरा सांगितली जाते आणि हे मत तिच्यावरच उभे आहे. दुसऱ्या मताप्रमाणे बैठकीतली अदाकारी, म्हणजे एकाच ओळीचा अर्थ हातवारे, नजर आणि सूर यांनी पुनःपुन्हा उलगडण्याची पद्धत, ठुमरीतून आलेली आहे. त्यामुळे तिचा काळ पेशवाईपर्यंत मागे नेण्याचे कारण नाही. एकोणिसाव्या शतकाचा उत्तरार्ध त्याहून संभाव्य ठरतो.

दोन्ही मतांत तथ्य आहे. मात्र शब्द आणि गायकी यांचे वय वेगळे असू शकते, हे या वादात फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. शाहिराचे कवन जुने आणि ते म्हणण्याची तऱ्हा नंतरची, असे मानले तर बरीचशी अडचण दूर होते. पिलू, खमाज, काफी, भैरवी या रागांकडे बैठकीच्या लावणीचा असलेला ओढा पाहता गायकीपुरते दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते.

कर्तृत्वाचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे आणि त्याचा गीतनिवडीशी थेट संबंध पोचतो. राम जोशी (सुमारे १७६२–१८१२), होनाजी बाळा, परशराम, सगनभाऊ, प्रभाकर या शाहिरांच्या लावण्या अनेक चौकांच्या (कडव्यांच्या) असतात आणि कवीची नाममुद्रा बहुधा शेवटच्या चौकात येते. बारीत लांब लावणी पुरी गायली जात नाही. मुखडा, पहिला चौक आणि जमल्यास दुसरा, एवढ्यावर रसिकांची पुढची फर्माईश येते. म्हणजे कवीचे नाव ज्या चौकात, नेमका तोच चौक गळतो. दोन-तीन पिढ्या असे चालले की लावणी निनावी होते. मग कोणी ती होनाजीच्या खात्यावर टाकतो, कोणी सगनभाऊच्या. छापील संग्रहांत एकच लावणी दोन शाहिरांच्या नावावर सापडते, त्यामागे संपादकांच्या हलगर्जीपणापेक्षा ही छाटणीच अधिक कारणीभूत असावी. स्त्रियांनी रचलेल्या किंवा बदललेल्या चौकांना तर मुद्रा मुळातच नव्हती. गाणाऱ्यांच्या वह्यांत चाल, पट्टी (गाण्याचा आधारस्वर) आणि मुखडा यांच्या खुणा असतात. रचणाऱ्याचे नाव क्वचित.

रंगभूमीचा थर : कोल्हापूरच्या दृष्टीने हा थर विशेष महत्त्वाचा आहे. राजर्षी शाहू महाराजांच्या कारकिर्दीत (१८९४–१९२२) अल्लादिया खाँ दरबारी गायक होते, १८८३ पासूनचा देवल क्लब गाण्याच्या बैठकी भरवीत होता, आणि १९१५ साली पॅलेस थिएटर उभे राहिले. पुढे त्याला संगीत रंगभूमीचे कोल्हापूरकर नट केशवराव भोसले (१८९०–१९२१) यांचे नाव देण्यात आले. (८ ऑगस्ट २०२४ रोजी या वास्तूला आग लागून मोठे नुकसान झाले.) कोल्हापूरजवळच्या सांगवड्याचे गोविंदराव टेंबे (१८८१–१९५५) यांनी १९११ साली ‘मानापमान’ नाटकाला चाली दिल्या, तेव्हा पूरब अंगाच्या (बनारस-लखनौकडील शैलीच्या) ठुमरी-दादऱ्याच्या ढंगाचा त्यांनी मुबलक वापर केला. १९१९ च्या ‘एकच प्याला’ नाटकातील काही चाली सुंदराबाई जाधव यांनी दिल्या. सुंदराबाई लावणी, गझल आणि ठुमरी तिन्ही गात.

यातून चालींच्या प्रवासाचे एक वर्तुळ दिसते. कोठ्यावरच्या आणि बैठकीतल्या गायिकांच्या चाली नाटकात गेल्या. तिथे त्यांना प्रतिष्ठा मिळाली, ग्रामोफोनच्या तबकड्या निघाल्या. आणि मग त्याच चाली नाट्यपदे म्हणून बारीत परत आल्या. बारीने नाटकाची नक्कल केली, असे सरसकट विधान जुन्या लेखनात आढळते. ते निम्म्या वर्तुळापुरतेच खरे आहे. किर्लोस्करांच्या नाटकांपासून लावणी, साकी, दिंडी यांच्या चाली रंगमंचावर होत्याच. उसनवारी दोन्ही बाजूंची होती, आणि फेडीची नोंद ठेवली गेली ती एकाच बाजूची.

तिघींच्या मेळाने नाट्यपद घेताना काही काटछाट करावी लागते. बरीच पदे पुरुष नटांसाठी, त्यातही स्त्रीभूमिका करणाऱ्या पुरुषांसाठी बांधलेली आहेत आणि एकट्याने गाण्याची आहेत. तानांचा विस्तार आला की मागच्या दोघी रिकाम्या बसतात. रसिकाचे लक्ष अशा वेळी हमखास सुटते. म्हणून ज्याचे ध्रुवपद आटोपशीर, तिघींच्या तोंडी बसणारे आणि शेवटच्या शब्दावर समेला (तालाच्या पहिल्या मात्रेला) ठाम येणारे, असेच पद निवडतात. अंतरा मुख्य गाणारीचा, ध्रुवपद तिघींचे. तीन वेगवेगळे सूर एकाच वेळी धरण्याची रीत इथे नाही. तिघी एकाच सुरात गातात, आणि फरक राहतो तो आवाजाच्या जातीचा.

पट्टी आणि ढोलकी : निवडीवर सर्वांत जास्त हुकूम चालतो तो पट्टीचा. स्त्रियांच्या गळ्याला सोयीची पट्टी साधारणतः पेटीवरच्या काळी चार-पाचच्या आसपास. पण एकीचा गळा पांढरी चारला मोकळा होतो, तर दुसरीचा काळी पाचला. पेटीला पट्टी बदलायला क्षण लागत नाही. अडचण ढोलकीची असते. ढोलकीची शाईची बाजू षड्जाला लावलेली असते. पट्टी बदलली की कड्या सारून, दोऱ्या ओढून ती पुन्हा चढवावी किंवा उतरवावी लागते, आणि तेवढा वेळ रंगात आलेली बैठक थांबत नाही. यावर दोन उपाय रूढ आहेत. वेगवेगळ्या सुरांत लावलेल्या दोन-तीन ढोलक्या जवळ ठेवणे, हा एक. एका पट्टीतली गाणी सलग घेणे, हा दुसरा. दुसरा उपाय स्वस्त म्हणून अधिक प्रचलित. बाहेरच्या माणसाला ज्या क्रमात भावाची चढण दिसते, त्याच्या मुळाशी अनेकदा ढोलकीची चढण असते.

मुख्य गाणारीच्या पट्टीत तिघींनी गायचे, हा सर्वसाधारण नियम. मागच्या दोघींपैकी एकीचा आवाज ढाला (जाड, खालच्या सुराचा) असेल तर तिला मुखड्याचा खालचा भाग देतात आणि वरची ओळ दुसरीला. जिला नाचही करायचा आहे तिला द्रुत लयीच्या लावणीत लांब दमाची ओळ दिली जात नाही, कारण घुंगरू बांधलेली बाई चक्कर घेऊन सुरावर येते तेव्हा दम तुटलेला असतो आणि पेटीवाल्याला ती जागा भरून काढावी लागते.

अदेसाठी शब्द : बैठकीच्या लावणीची परीक्षा अदेत होते. म्हणून शब्द निवडताना, एकच ओळ किती प्रकारे म्हणता येईल, हे पाहतात. उदाहरणार्थ, रात्रभर बाहेर राहून पहाटे परतलेल्या सख्याला ‘कुठं होता?’ असे विचारणारी ओळ घेतली, तर पहिल्यांदा ती रागाने येते, बोट दाराकडे. दुसऱ्यांदा उपहासाने, पदराचे टोक दातात. तिसऱ्यांदा काळजीने, आणि इथे सूर मुद्दाम गंधारावर रेंगाळतो. चौथ्यांदा प्रश्न समोरच्या एखाद्या रसिकाला विचारला जातो, मग बैठक हसते. तिघी असतील तर मागच्या दोघी शेजारणी होतात, हुंकार देतात, नाके मुरडतात. जिच्यात सगळा अर्थ पहिल्याच उच्चारात संपतो, अशी ओळ कितीही सुंदर असली तरी बैठकीला निरुपयोगी. यमकांची आतषबाजी असलेल्या लावण्या वाचायला बहारीच्या असतात; बैठकीला त्या मागे का पडल्या, याचे उत्तर बहुधा यात आहे. वाईच्या यमुनाबाई वाईकर (१९१५–२०१८) यांनी ही अदाकारी शासकीय आणि शहरी मंचांवर मान्य करून घेतली. त्यांना १९७७ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि २०१२ साली पद्मश्री मिळाली.

क्रम आणि फर्माईश : थिएटरात एकाच रात्री अनेक पार्ट्या पाळीपाळीने रंगमंचावर येतात. पहिले सादरीकरण मुजऱ्याचे असते. त्यात ढोलकी, घुंगरू आणि सगळ्यांचा एकत्र आवाज दाखवायचा असल्याने चाल सर्वांना येणारी व लय चढी निवडतात. नंतर खडी लावणी (उभ्याने नाचत सादर होणारी), छक्कड (उडत्या चालीची लावणी), एखादी बालेघाटी. विरहाची बालेघाटी लवकर घेतली तर बैठक थंडावते, उशिरा घेतली तर ऐकायला धीर उरत नाही, म्हणून तिची जागा मध्ये. इथवरचे बेत मालकीणबाईंच्या हातात. पुढे दौलतजादा (रसिकांनी नोटा देणे) सुरू झाला की निवड रसिकाच्या हातात जाते. त्याने नोट पुढे केली, गाण्याचे नाव सांगितले की चालू गाणे समेवर सोडून फर्माईश घ्यायची. त्यामुळे खरा अनुभव दिसतो तो गाणी निवडण्यात नव्हे, तर मागितलेल्या गाण्यातला कोणता भाग द्यायचा यात. मुखडा देऊन फर्माईश पुरी करायची, आणि त्याच तालातून, त्याच पट्टीतून आपल्या ठरलेल्या लावणीवर परत यायचे. ‘गाणं फिरवणं’ ज्या पार्टीला साधले ती रात्र निभावते. खासगी बैठकीत ऐकणारे मोजके असतात. तिथे ढोलकीपेक्षा तबला पुढे येतो आणि गझल-दादऱ्याला वाव मिळतो.

स्वातंत्र्यानंतरच्या सुरुवातीच्या वर्षांत मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि पुढे तमाशा सुधार समितीच्या शिफारशींनंतर ती अटींसह उठवली. कोल्हापूर संस्थानाचे विलीनीकरण १ मार्च १९४९ रोजी झाले, त्यामुळे बंदीचा पहिला तडाखा इथल्या पार्ट्यांना इलाख्यातल्या पार्ट्यांइतका बसला नसावा. संहिता आधी मंजूर करून घेण्याच्या पद्धतीचा परिणाम मात्र सर्वत्र झाला असणार. आयत्या वेळच्या फर्माईशीला मंजूर संहिता कुठली? उघड शृंगाराच्या जागी द्वयर्थी, वरवर सोज्वळ शब्दांच्या लावण्यांना या काळात बरकत आली, असे काही अभ्यासक मानतात. द्वयर्थी रचना त्याआधीही भरपूर असल्याने हे मत जपूनच स्वीकारावे.

चित्रपटाचा थर : प्रभात फिल्म कंपनीची स्थापना १९२९ साली कोल्हापुरात झाली. पुढे जयप्रभा स्टुडिओ आणि भालजी पेंढारकर, अनंत माने यांच्यामुळे मराठी बोलपटाचे बस्तान इथे बसले. तमाशाप्रधान चित्रपटांची लाट आली तेव्हा नाचणाऱ्या, ढोलकीवाले, पेटीवाले यांना कोल्हापुरात काम मिळाले आणि बारी व स्टुडिओ यांच्यात जा-ये सुरू झाली. हळदी (जि. कोल्हापूर) येथे जन्मलेले जगदीश खेबुडकर (१९३२–२०११) यांच्या लावण्या आणि सुलोचना चव्हाण (१९३३–२०२२) यांचा ठसकेबाज गळा यांनी फर्माईशीचे स्वरूपच बदलले. रसिक आता शाहिराच्या लावणीऐवजी चित्रपटातली लावणी मागू लागला. चित्रपटातल्या लावणीची लांबी तबकडीला बेतलेली, चौक दोन किंवा तीन, मधले वाद्यसंगीत मोठ्या वाद्यवृंदाचे. तिघींच्या मेळात ते वाद्यसंगीत पेटीवर येते किंवा गाळून तिथे घुंगरांचा तोडा (नाचाचा तुकडा) घालतात. तोडा घातलेली लावणी मूळ गाण्यापेक्षा सरस उतरते, असे जुने ढोलकीवाले म्हणतात. त्यात व्यवसायाचा अभिमान धरूनही तथ्य आहे.

निपाणी, संकेश्वर या सीमाभागातल्या रसिकांपुढे शब्दप्रधान लावणी मागे ठेवून लयप्रधान लावणी पुढे करतात. चैत्रात जोतिबाच्या यात्रेच्या आगेमागे गावोगावच्या जत्रांचा हंगाम असतो. उघड्यावरच्या त्या कार्यक्रमांत बैठकीची लावणी जवळजवळ घेतलीच जात नाही.

सद्यःस्थिती : ध्वनिमुद्रित ट्रॅकवर नाचाचे कार्यक्रम वाढल्यापासून गळ्यासाठी गाणे निवडण्याची गरजच अनेक ठिकाणी उरलेली नाही. ट्रॅकला पट्टी नाही, दम नाही, आणि समेवर सोडण्याची सोयही नाही. दौलतजाद्यासाठी ट्रॅक थांबवता येत नसल्याने त्यावर नाचणाऱ्या पार्ट्या फर्माईशींची यादी आधीच ठरवून घेतात. कलाकेंद्रांतून जिथे पेटी-ढोलकी टिकून आहे, तिथे नव्या चित्रपटगीताचा फक्त मुखडा उचलतात आणि दुसऱ्या आवर्तनाला जुन्या छक्कडीवर येतात. नव्या मुली चाली मोबाइलवर ऐकून बसवतात. पट्टी मात्र अजून पेटीवालाच सांगतो.