एक इंची सेफ्टी व्हॉल्व्ह पुरेल का?

रावेरकडच्या एखाद्या केळी प्रक्रिया कारखान्यात गर शिजवायची दुहेरी भिंतीची कढई आहे असं धरू. बॉयलरची वाफ 10 बार दाबाची, कढईचं जॅकेट (दोन भिंतींमधली वाफेची पोकळी) फक्त 3.5 बार सोसणारं. मधे दाब उतरवणारा रिड्युसिंग व्हॉल्व्ह. शिवाय दाब जास्त चढला की आपोआप उघडून वाफ बाहेर सोडणारा सेफ्टी व्हॉल्व्ह हवा. दुकानात पहिला प्रश्न येतो, "सेफ्टी व्हॉल्व्ह किती इंची देऊ?" त्याआधी दुसरंच विचारायला हवं: रिड्युसिंग व्हॉल्व्ह पूर्ण उघडा अडकला, तर तासाला किती किलो वाफ कढईत घुसेल?

हा आकडा रिड्युसिंग व्हॉल्व्हच्या क्षमतेवरून काढायचा, रोजच्या वापरावरून नाही. बायपास, म्हणजे रिड्युसिंग व्हॉल्व्हला वळसा घालणारी नळी, असेल तर त्याची वाफही धरायची. तो अर्धवट उघडा राहून जातोच. समजा बेरीज 1200 किलो आली.

सेफ्टी व्हॉल्व्ह 3.5 बारला उघडायला लागेल आणि दाब फार तर 10 टक्के वर, म्हणजे 3.85 बारपर्यंत चढू द्यायचा. त्यात हवेचा दाब मिळवला की सुमारे 486 किलोपास्कल. संपृक्त वाफेसाठी (बॉयलरमधून निघालेली, आणखी न तापवलेली वाफ) लागणाऱ्या भोकाचं गणित असं: 190.5 × 1200 ÷ (486 × 0.975) = 482 चौरस मिलिमीटर. यात 190.5 हा सूत्रातला ठरलेला आकडा आणि 0.975 हा व्हॉल्व्हचा विसर्ग गुणांक. प्रमाणित भोकांना इंग्रजी अक्षरांची नावं असतात; 482 च्या वरचं भोक 'एच', 506 चौ. मिमी.

आता एक इंची जोडणीचा व्हॉल्व्ह बघा. त्यातलं 'ई' भोक जेमतेम 126 चौ. मिमीचं, तासाला 313 किलो वाफ सोडणारं. उरलेली जवळजवळ 900 किलो जॅकेटवर दाब चढवत राहते. बाहेरचा इंच हा पाइपचा असतो. वाफ जाते ती आतल्या भोकातून. फसगत होते ती इथेच.

मग सरळ दुप्पट मोठा का घेऊ नये? तो उघडताच दाब झपकन उतरतो, व्हॉल्व्ह मिटतो, पुन्हा उघडतो. या फडफडीत सीट (भोकाची कड) आणि डिस्क (तिच्यावर बसणारं झाकण) खराब होऊन गळती सुरू होते. व्हॉल्व्हखालचा पाइप लांब किंवा बारीक असला तरी हेच होतं. म्हणून तिथली दाबाची घट उघडण्याच्या दाबाच्या 3 टक्क्यांच्या आत ठेवतात; आपल्या कढईसाठी जेमतेम 0.1 बार. फिटर दीड इंची व्हॉल्व्हखाली एक इंची निपल (जोडणीचा आखूड पाइप) लावतो तेव्हा सगळं गणित वाया जातं. खाली बंद करायचा कॉकही नको.

बाहेर सोडणारी नळी माणसांच्या वाटेपासून दूर न्या आणि तिच्या सर्वात खालच्या वाकाला निचऱ्याचं छोटं भोक ठेवा, नाहीतर गार झालेल्या वाफेचं पाणी डिस्कवर साचून राहतं.