झाडाचं अन्न मातीत नसतं

‘झाडं मुळांवाटे मातीतून अन्न घेतात’ हे वाक्य कितीतरी मुलांच्या वह्यांत सापडतं. ते चूक आहे. मुळं पाणी आणि खनिजं शोषतात. अन्न, म्हणजे साखर, पानांत तयार होतं. हवेतला कार्बन डायऑक्साइड, पाणी आणि सूर्यप्रकाश यांच्या जोरावर.

सतराव्या शतकात यान बाप्टिस्ट व्हान हेल्माँट या शास्त्रज्ञांनी २०० पौंड कोरड्या मातीत ५ पौंडांचं विलोचं रोप लावलं आणि ५ वर्षं नुसतं पाणी घातलं. झाड सुमारे १६९ पौंडांचं झालं. माती घटली फक्त २ औंस! हे सगळं वजन पाण्याचंच, असा निष्कर्ष त्यांनी काढला. हवेचा वाटा तेव्हा कुणाला ठाऊक नव्हता. लाकडातला कार्बन हवेतून येतो, हे मुलांना सांगून पाहा, डोळे विस्फारतात.

मग खत कशाला? नायट्रोजनाशिवाय प्रथिनं आणि हरितद्रव्य बनत नाहीत, म्हणून. ऊर्जा मात्र खतातून मिळत नाही.

हा गैरसमज राहिला, तर परिसंस्थेचा धडाही कच्चाच राहतो. कुजलेल्या पानांतली खनिजं मातीत परततात आणि पुन्हा वापरली जातात. ऊर्जा तशी फिरत नाही. ती उष्णता होऊन निघून जाते आणि सूर्याकडून सतत नव्याने यावी लागते.