बाळगुटीची क्लिनिकल चाचणी

बाळगुटीतल्या वनौषधींनी तान्ह्या बाळाला गुण येतो का, अपाय होतो का, हे नियंत्रित रीतीने तपासणारा अभ्यास. मराठवाड्यात घरोघरी वेखंड, हळकुंड, सुंठ, मुरुडशेंग, जायफळ, बाळहिरडा, अतिविष सहाणेवर आईच्या दुधात उगाळून चाटवतात.

खरी अडचण मात्रेची आहे. घरात ती वेढ्यांत मोजतात : जायफळाचा एक, सुंठीचे दोन. पण नवी सहाण खरखरीत, जुनी गुळगुळीत. आजीचा हात जड, सुनेचा हलका. वेढे तेवढेच, औषध मात्र कमीजास्त. म्हणून प्रत्येक कांडी उगाळण्याआधी आणि नंतर मिलिग्रॅम दाखवणाऱ्या काट्यावर तोलतात. जेवढे वजन घटले तेवढी मात्रा. कांडी पूर्ण वाळू द्यावी. ओलीच तोलली तर शोषलेले दूधही वजनात येते आणि मात्रा कमी दिसते.

जिन्नस पारखूनच घ्यावा. अतिविष महाग, त्यामुळे भेसळ ठरलेली. शिवाय विषारी बचनाग त्याच्याच कुळातला. वेखंडातल्या बीटा-असारोन या रसायनाने उंदरांत गाठी झाल्याचे दिसले आणि १९६८ मध्ये अमेरिकेने खाद्यपदार्थांत वेखंडाला बंदी घातली. वनौषधीत शिसे या विषारी धातूची मर्यादा १० पीपीएम, म्हणजे दहा लाख भागांत दहा भाग. बालचातुर्भद्र हे अतिविष असलेले चूर्ण मधातून देण्याची रीत असली तरी वर्षाच्या आतल्या बाळाला मध देऊ नये. बोट्युलिझमचा, म्हणजे मधातल्या जंतूंमुळे होणाऱ्या विषबाधेचा, धोका असतो.

पोटदुखीचे रडणे साधारण सहाव्या आठवड्यात शिगेला पोचते आणि तीन-चार महिन्यांत आपोआप ओसरते. त्यामुळे तुलनेचा गट नसेल तर कोणतीही गुटी गुणकारीच ठरते. असे निष्कर्ष मानू नयेत. पहिले सहा महिने फक्त अंगावरचे दूध, हा जागतिक आरोग्य संघटनेचा सल्ला आहे. तेव्हा या वयात अभ्यासासाठी नव्याने गुटी सुरू करू नये. जिथे ती आधीच चालू आहे अशा बाळांची, गुटी न घेणाऱ्यांशी तुलना करावी.

पालकांची लेखी संमती लागते. सात वर्षांवरच्या मुलांवरील चाचणीत मुलाचा होकारही घ्यावा लागतो. पहिले बाळ दाखल होण्याआधी चाचणीची नोंद भारतीय क्लिनिकल चाचणी नोंदवहीत करतात.

बीडकडे वेळापत्रक ऊसतोडीवर बेतावे. दसरा-दिवाळीच्या सुमारास टोळ्या कारखान्यांकडे निघतात, बाळेही सोबत जातात आणि थेट उन्हाळ्यात परततात. आश्विनात दाखल केलेली बाळे पुढच्या तपासणीला सापडत नाहीत. ज्येष्ठात सुरुवात केली तर तीन महिन्यांच्या भेटी गावातच पुऱ्या होतात.