दुसरी बॅटरी उपाशी आहे की आजारी?

लांबच्या भटकंतीसाठी तयार केलेल्या गुरखा, थार किंवा हायलक्समध्ये मागे एक दुसरी बॅटरी असते. फ्रिज, तंबूतले दिवे, पाण्याचा छोटा पंप, मोबाइल-कॅमेऱ्याचं चार्जिंग असं सगळं तिच्यावर चालतं. एक दिवस पहाटे फ्रिज एरर दाखवून बंद पडतो आणि जो तो एकच निदान करतो: बॅटरी गेली. मग हजारो रुपये मोजून नवी बसते, आणि चार-सहा महिन्यांत तीही तशीच वागायला लागते.

याचं कारण असं, की पहाटे बंद पडलेल्या फ्रिजमागे दोन अगदी वेगळे दोष असू शकतात. बॅटरी आजारी असेल तर तिची साठवायची ताकदच कमी झालेली असते; 100 एएचची (एएच म्हणजे अँपिअर-तास, साठवणीचं माप) बॅटरी जेमतेम 40 एएचची उरते. बॅटरी उपाशी असेल तर ती धडधाकट असते, फक्त इंजिनाकडून तिच्यापर्यंत पुरेसा चार्ज पोचत नाही. उपाशी बॅटरी बदलणं म्हणजे पैसे पाण्यात घालणं.

वेगळेपण दिसतं ते संध्याकाळी मुक्कामावर. सगळे लोड बंद करा, तासा-दोन तासांनी मल्टिमीटर थेट बॅटरीच्या पोलवर लावा. इंजिन बंद केल्याकेल्या घेतलेला आकडा फसवा असतो, कारण वरवरचा चार्ज उतरायला वेळ लागतो. एजीएम (सीलबंद लेड-अॅसिड) बॅटरी पूर्ण भरलेली असेल तर शांत अवस्थेत 12.8 व्होल्टच्या आसपास दाखवते, निम्मी असेल तर साधारण 12.1 ते 12.2. दिवसभर गाडी चालवूनही आकडा रोज 12.3-12.4 वरच अडकत असेल, तर ती बहुधा उपाशी आहे. संध्याकाळी 12.8 दिसतं आणि फ्रिज लावल्यावर दोन-तीन तासांत 11.8 च्या खाली येतं, तर ती आजारी आहे. आजारी बॅटरी भरतेही पटकन, कारण भरायला आत जागाच थोडी उरलेली असते. म्हणून फुल चार्ज दाखवतेय म्हणजे बॅटरी चांगली, हा निष्कर्ष काढू नका. व्होल्टेजवरून बॅटरी किती भरली ते कळतं, ती किती मोठी उरली ते कळत नाही.

ते कळण्यासाठी घरच्या घरी करता येणारी एक चाचणी मला सगळ्यात भरवशाची वाटते. बॅटरी गाडीतून सोडवा, मेन्सवरच्या चांगल्या चार्जरने पूर्ण चार्ज करा, काही तास तशीच ठेवा. मग हेडलाइटच्या एच-4 बल्बचा 55 वॉटचा फिलामेंट तिला जोडा. तो साधारण साडेचार अँपिअर ओढतो, म्हणजे दहा तासांत 45 एएच. काच चांगली तापते, म्हणून बल्ब कापड-प्लास्टिकपासून दूर, फरशीवर ठेवा. निरोगी 100 एएचच्या बॅटरीवर तो दहा तास पेटलेला राहतो, आणि काढल्यावर तासाभराने मीटर 12.1 च्या वर दाखवतो. चौथ्या-पाचव्या तासालाच बल्ब पिवळा पडला आणि पोलवर 11.5 च्या खाली आकडा आला, तर वाद मिटला, बॅटरी गेली. आणि पूर्ण चार्ज करून विश्रांती दिल्यावरही ती 10.5 च्या आसपासच थांबत असेल, तर सहापैकी एक सेल मेला आहे. मग बल्ब लावायचीही गरज नाही.

बल्बची परीक्षा बॅटरी पास झाली, तर ती उपाशी आहे आणि दोष वाटेत आहे. इथे वेळ द्यायला हवा, कारण बहुतेक गाड्यांमध्ये घोळ इथेच असतो.

पहिला संशयित वायर. पुढच्या बॅटरीपासून डिकीपर्यंत पाच मीटर अंतर धरा. जायची आणि यायची मिळून दहा मीटर तांबं. 6 चौरस मिमीच्या वायरमधून 25 अँपिअर जाताना जवळपास 0.7 व्होल्ट वाटेतच खर्च होतात. अल्टरनेटर (इंजिनावर फिरून वीज बनवणारं यंत्र) 14.2 देत असला तरी मागे 13.5 पोचतात. एजीएमला नीट भरायला 14.4 च्या आसपास लागतात. 13.5 वर ती भरते, पण इतकी हळू, की वरचे वीस टक्के तुमच्या तीन-चार तासांच्या ड्रायव्हिंगमध्ये कधीच भरून होत नाहीत. त्याच जागी 16 चौरस मिमीची वायर असेल तर नुकसान 0.3 च्या आत राहतं. पॅकेटवर ‘हेवी ड्युटी’ लिहिलंय यावर जाऊ नका, आतल्या तांब्याचं माप बघा. जाड प्लास्टिकमध्ये बारीक तार गुंडाळलेली वायर बाजारात सर्रास मिळते.

हे मोजायचं कसं? आधी दुसरी बॅटरी थोडी उतरवा, फ्रिज-दिवे तास-दोन तास चालू द्या. ती भरलेली असेल तर करंटच वाहत नाही, आणि करंट नसेल तर कितीही खराब जोड मीटरवर निर्दोष दिसतो. मग इंजिन सुरू करून साधारण 1500 आरपीएमवर ठेवा. मीटरची एक पिन पुढच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर, दुसरी मागच्या बॅटरीच्या पॉझिटिव्हवर. जो आकडा दिसेल तेवढे व्होल्ट वाटेत गळतायत. निगेटिव्हला तसंच करा. अर्थिंगकडे कोणी बघत नाही, आणि पेंट न खरवडता चासीला आवळलेला बोल्ट मी अनेक गाड्यांत पाहिलाय. एखाद्या बाजूला 0.3 च्या वर गळती असेल तर एक पिन हलवत टप्प्याटप्प्याने पुढे या: थिंबल (वायरच्या टोकाचा धातूचा जोड), फ्यूज होल्डर, आयसोलेटर (दोन बॅटऱ्यांमधला स्विच), परत थिंबल. आकडा जिथे उडी मारतो तिथे दोष. एका मित्राच्या गाडीत फ्यूज शाबूत होता, पण होल्डरचं प्लास्टिक एका बाजूने तपकिरी होऊन वाकलं होतं आणि थिंबलवरची हीटश्रिंक (तापवून आवळलेली प्लास्टिकची नळी) सोलल्यावर आतली तार काळी पडलेली होती. ते थिंबल पक्कडीने दाबून बसवलेलं होतं. वॉशबोर्डसारख्या कच्च्या रस्त्यांवर असे जोड टिकत नाहीत; क्रिम्पिंग योग्य टूलनेच करून घ्या.

टाँग टेस्टर (वायरभोवती चिमट्यासारखा लावून करंट मोजणारा मीटर) असेल तर काम आणखी सोपं, पण तो डीसी मोजणारा हवा. घरगुती वायरमनकडचा स्वस्त टाँग टेस्टर बहुधा फक्त एसी मोजतो आणि इथे शून्य दाखवतो.

दुसरा संशयित म्हणजे मधलं यंत्र. आयसोलेटर आणि डीसी-डीसी चार्जर या दोघांना गॅरेजात सरसकट आयसोलेटरच म्हणतात, पण दोघांचे आजार वेगळे. आयसोलेटर हा व्होल्टेज बघून चालू-बंद होणारा रिले. पुढे साधारण 13.3 दिसले की दोन बॅटऱ्या जोडतो, 12.8 च्या खाली गेलं की तोडतो. तो व्होल्टेज वाढवत नाही. बऱ्याच नव्या बीएस-6 गाड्यांत अल्टरनेटर ईसीयूच्या (इंजिनाच्या कॉम्प्युटरच्या) ताब्यात असतो. पुढची बॅटरी भरली की इंधन वाचवायला तो 12.5-12.8 पर्यंतही उतरतो. आयसोलेटरला वाटतं इंजिन बंद झालं आणि तो सुटतो. हायवेवर दिवसभर गाडी पळते, मागची बॅटरी कोरडीच. अशा गाडीत आयसोलेटर बदलून दुसरा आयसोलेटर घालण्यात काही अर्थ नाही, डीसी-डीसी चार्जरच हवा, आणि त्याची इग्निशनची वायर जोडलेली हवी. ती न जोडता सोडून देणारे कारागीर आहेत. डीसी-डीसी कमी व्होल्टेजवरूनही 14.4 बनवतो, पण त्यासाठी पुढून जास्त करंट ओढतो: 25 अँपिअर द्यायला 35 च्या घरात घेऊ शकतो. बारीक वायरवर तो चालू-बंद, चालू-बंद करत बसतो.

एक तिसरी शक्यताही चटकन तपासून घ्या, कारण तिच्यात बॅटरी ना आजारी ना उपाशी. फ्रिज सिगारेट लाइटरच्या सॉकेटवर असेल तर तिथला सैल जोडच पाव-अर्धा व्होल्ट खातो. फ्रिजचं बॅटरी प्रोटेक्शन (व्होल्टेज ठरावीक आकड्याखाली गेलं की फ्रिज बंद करणारी सोय) ‘हाय’वर असेल तर बॅटरीवर 12.2 असतानाही तो बंद पडू शकतो. कॉम्प्रेसर चालू असताना बॅटरीचा आकडा आणि फ्रिजच्या डिस्प्लेवरचा आकडा शेजारी ठेवून बघा.

उपासमार फार दिवस चालली तर तिचंच आजारात रूपांतर होतं. अर्धवट भरलेल्या लेड-अॅसिड बॅटरीच्या प्लेटवर सल्फेटचे कडक खडे धरतात आणि ते पुढे विरघळत नाहीत. बल्बच्या परीक्षेत नापास झालेली बॅटरी फेकण्याआधी वायरीवरची गळती मोजा ती यासाठी. वॉरंटीत नवी मिळाली, तरी वाट तीच असेल तर निकालही तोच लागणार.

लिथियम बसवली असेल तर वरचे शांत अवस्थेतले आकडे विसरा. एलएफपी (लिथियम आयर्न फॉस्फेट) बॅटरी बराच काळ 13 च्या आसपासच राहते आणि मग एकदम कोसळते, त्यामुळे तिच्यासाठी शंटवाला मॉनिटर (आत-बाहेर गेलेला करंट मोजून हिशेब ठेवणारा) हवा. मीटरवर अचानक शून्य दिसलं तर ती मेली असं समजू नका. आतल्या बीएमएसने (बॅटरीचं रक्षण करणाऱ्या सर्किटने) स्वतःला तोडून घेतलेलं असतं आणि लिथियमचा चार्जर लावला की ती बहुधा जागी होते. स्पिती-लडाखमध्ये थंडीच्या दिवसांत सकाळी गाडी सुरू करूनही चार्जिंग शून्य दिसतं, तेही अनेकदा याच बीएमएसमुळे. सेल शून्य अंशाखाली असताना तो चार्ज आत घेऊ देत नाही, आणि ते बरोबरच आहे. वायरी उपसत बसू नका. बॅटरी केबिनमध्ये असेल तर हीटर लावा आणि सेल तापायला दोन-तीन तास द्या.