मटक्यापासून मोबाइलपर्यंत: कोकणातल्या तरुणांचा जुगार

कोकणात जुगार नवा नाही. गणपतीच्या जागरणाला पत्ते बसतातच. सिंधुदुर्गातल्या जत्रांत इकडे दशावतार रंगलेला असतो आणि तिकडे देवळामागे अंदर-बाहर या पत्त्यांच्या जुगाराचा डाव. गाव कानाडोळा करतो.

मटका मात्र मुंबईहून आला. न्यूयॉर्कच्या कापूसबाजाराचे भाव मुंबईत यायचे आणि त्यांच्या आकड्यांवर पैसे लागायचे. १९६१च्या सुमारास ते भाव येणे बंद झाले, तेव्हा कल्याणजी भगत आणि रतन खत्री यांनी आकडे इथेच काढायला सुरुवात केली. गिरणगावात कोकणातले कामगार पुष्कळ. त्यांच्यामागून ओपन-क्लोज, म्हणजे मटक्याचे रोजचे दोन आकडेही गावी पोचले. १९८२च्या संपानंतर गिरण्यांना घरघर लागली, आकडा टपरीवर टिकला. पुढे गोव्याने १९९२मध्ये पंचतारांकित हॉटेलांत जुगाराची यंत्रे कायदेशीर केली, मग मांडवीत कॅसिनोच्या बोटी आल्या. बांदा-सावंतवाडीहून पणजी काही लांब नाही.

तरी खरा फरक पडला तो २०१६नंतर, स्वस्त डेटा आणि यूपीआय हातात आल्यावर. जुन्या जुगाराला वेळ होती, जागा होती आणि बघणारे डोळे होते. आकडा घेणारा बापाला ओळखायचा. रात्री दोन वाजता पांघरुणात मोबाइलवर खेळणाऱ्या पोराला कोण बघणार?

खेळणारे सगळेच अडकत नाहीत. घरात जुगार पाहिलेला, कोवळ्या वयात सुरुवात, उतावळा स्वभाव, दारू, उदासी यांनी धोका वाढतो. सुरुवातीलाच मोठी रक्कम जिंकणे तर फारच वाईट. शिवाय थोडक्यात हुकलेला डाव मेंदूला जिंकल्यासारखाच चाळवतो. सगळे खापर बेकारीवर फोडणे मला पटत नाही. पगारी मुलेही गेलेले पैसे परत काढायच्या नादात कर्जात बुडतात.

जुगाराचे व्यसन हा आजार आहे, हे वैद्यकालाही उशिराच उमगले. अमेरिकन मानसोपचार संघटनेने १९८०मध्ये त्याची नोंद केली, पण दारूसारख्या व्यसनांच्या गटात तो गेला २०१३मध्ये. आपल्याकडे तोवर देवाला गाऱ्हाणे घालायचे, शपथ घालायची, नाहीतर लग्न लावून द्यायचे. आजच्या उपचाराचा कणा म्हणजे समुपदेशन: ‘आता लागेलच’ ही समजूत रुग्णाबरोबर बसून तपासायची, खेळावेसे कधी वाटते ते हेरायचे. पैशांचे व्यवहार काही काळ घरच्यांनी सांभाळायचे, पण गुपचूप कर्ज फेडून टाकायचे नाही. काहींना नॅल्ट्रेक्सोन या औषधाचा उपयोग होतो. रत्नागिरीत सरकारी मनोरुग्णालय आहे, पण तिथली पायरी चढली की वेड्यात गणतील ही धास्ती मोठी. अशांना २०२२पासून टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे.

ऑगस्ट २०२५च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणली. त्यात शिक्षा खेळवणाऱ्याला आहे, खेळणाऱ्याला नाही. मटक्याला मात्र अजून १८८७चाच जुगार प्रतिबंधक कायदा लागतो आणि त्यात खेळणाराही आरोपी ठरतो.