गंजलेले ब्रेक पाईप बदलणे (खानदेश)

जुन्या जीप, पिकअप आणि मोटारींत मास्टर सिलिंडरपासून (पेडल दाबल्यावर ऑइलला दाब देणारा भाग) चाकांपर्यंत ब्रेक ऑइल नेणाऱ्या पोलादी नळ्या गंजल्यावर त्या काढून नव्या बसवण्याचे काम. ही नळी दुहेरी पत्र्याची असते. तिचा बाहेरचा व्यास बहुतेक गाड्यांत 4.75 मिमी (3/16 इंच) आणि भिंतीची जाडी सुमारे 0.7 मिमी असते. पेडल जोरात दाबल्यावर आतला दाब 70 ते 100 बारपर्यंत जातो, आणि गंजाने अर्धी झालेली भिंत नेमकी अशा वेळी फुटते. ब्रेक एरवी ठीक वाटतात आणि आणीबाणीला दगा देतात, ते यामुळे. एकाच सर्किटचा, म्हणजे चारही चाकांना ऑइलचा एकच मार्ग देणारा मास्टर सिलिंडर असलेल्या जुन्या जीपमध्ये एक पाईप गेला की चारही चाकांचा ब्रेक जातो. दुहेरी सर्किटमध्ये निदान अर्धा उरतो. ट्रकच्या एअर ब्रेकची रचना वेगळी असल्याने तो या नोंदीत घेतलेला नाही.

गंजाची कारणे : जळगाव, धुळे, नंदुरबार या पट्ट्यात पाऊस कमी आणि समुद्र दूर. तरीही इथल्या मालवाहू गाड्यांचे पाईप गंजतात. पाऊस किती पडला यापेक्षा पाईपावर काय साचून राहिले, यावर गंज ठरतो. काळ्या मातीचा चिखल चेसिसच्या खाचांत बसला की आठवडाभर ओल सोडत नाही. गिरणा-तापीच्या पात्रातून भरलेली ओली वाळूही तेच करते. रावेर, यावल, चोपडा भागात केळीला पोटॅश भरपूर लागते. म्युरिएट ऑफ पोटॅश म्हणजे पोटॅशियम क्लोराइड. ते फाटक्या गोणीतून चेसिसवर सांडले की मिठासारखेच लोखंड खाते. खत वाहिल्यावर गाडी वरून धुतात, खालून नाही. किनारपट्टीवर वापरलेली जुनी गाडी विकत घेतली असेल तर गंज तिच्याबरोबरच आलेला असतो.

तपासणी : उघड्या भागावरचा तांबूस थर फारसा धोक्याचा नसतो. खरा गंज क्लिपांखाली, डिझेल टाकीच्या वर, चेसिसच्या आडव्या पट्टीमागे आणि मागच्या अ‍ॅक्सलवरच्या टी-जोडाजवळ लपलेला असतो. क्लिप सोडवून पाईप चिंधीने पुसून पाहावा. पापुद्रे सुटले, खड्डे पडलेले दिसले किंवा पाईप ओलसर लागला, तर तो बदलायचा. तारेच्या ब्रशने जोर लावून घासू नये, सडलेल्या पाईपाला तिथेच भोक पडते. इंजिन चालू ठेवून पेडल अर्धा मिनिट दाबून धरावे. पेडल हळूहळू खाली बसत असेल तर गळती आहे किंवा मास्टर सिलिंडरचे रबर गेले आहे. एका ठिकाणी गळणारा पाईप बाकी लांबीवरही त्याच वयाचा असतो, म्हणून तुकडा जोडण्यापेक्षा जोडापासून जोडापर्यंत पूर्ण पाईप बदलणे शहाणपणाचे.

पाईपची निवड : तयार पोलादी पाईप मिळाला तर उत्तम. तांबे-निकेलचा पाईप थोडा महाग पडतो, पण गंजत नाही आणि हाताने वळतो. जुन्या गाडीवर खर्च करायचाच तर तो इथे करावा. फ्रिज-एसीच्या दुकानातला शुद्ध तांब्याचा पाईप कधीही वापरू नये. कंपनाने तो कडक होतो आणि तोंडाशी चिरतो. फुटक्या जागी रबरी होज व क्लॅम्प, दाबाने बसणारा पितळी जोड, गॅस वेल्डिंगचे ठिगळ हे तिन्ही उपाय गाडी गॅरेजपर्यंत ढकलत नेण्यापुरतेही भरवशाचे नाहीत.

जुना पाईप काढणे : गाडी सपाट जागी घोड्यांवर (आधाराच्या लोखंडी स्टँडवर) घ्यावी, नुसत्या जॅकवर खाली शिरू नये. नटांवर आदल्या रात्री गंज सोडवणारे तेल मारावे. साध्या पान्याने नटाचे कोपरे जातात, म्हणून 10 किंवा 11 मिमीचा फ्लेअर नट पाना (पाईपावरून सरकवता येणारा, कापलेल्या कड्याचा पाना) घ्यावा. नट पाईपाला चिकटून तोही सोबत पिळत असेल, तर पाईप नटाजवळ कापून नटावर सहाकोनी गोटी (सॉकेट) बसवावी. हे सर्वांत कमी त्रासाचे. आच द्यायची तर आधी जवळचे रबरी होज काढावेत, कारण ब्रेक ऑइल पेट घेते. दहा-पंधरा वर्षांचे होज या निमित्ताने बदलून टाकावेत. जुना पाईप शक्यतो अखंड काढून नमुना म्हणून जपावा, लांबी मात्र त्यावर दोरी फिरवून मोजावी.

तोंड बनवणे : तोंड म्हणजे फ्लेअर, नटाखाली दाबून बसणारे पाईपाचे पसरवलेले टोक. ते साचा, अ‍ॅडॉप्टर आणि शंकू असलेल्या फ्लेअरिंग हत्याराने बनवतात. बहुतेक चुका इथे होतात. पाईप करवतीने न कापता कटरने कापावा, आतली बर (कापताना उठलेली धारदार कड) काढावी, बाहेरची कड किंचित तिरपी करावी. दोन्ही नट योग्य दिशेने आधी पाईपात ओवावेत. हे विसरले की सुंदर बनलेले तोंड कापून फेकावे लागते. जुने तोंड 45 अंशांचे दुहेरी (कड आत दुमडलेले) आहे की बुडबुड्याच्या आकाराचे, ते नीट पाहून तसेच करावे. दोन्हींची बैठक वेगळी असते आणि एकाचे दुसऱ्यात घट्ट बसल्यासारखे वाटले तरी गळते. दुहेरी तोंडासाठी पाईप साच्याबाहेर अ‍ॅडॉप्टरच्या खांद्याच्या उंचीइतका काढावा. ब्रेक ऑइलचा थेंब लावून आधी अ‍ॅडॉप्टर आणि मग शंकू दाबावा. तोंड एका बाजूला झुकले, चिरले किंवा त्यावर ओरखडा आला तर पुन्हा करावे. नट आवळून ते सुधारत नाही. टेफलॉन टेप लावण्याचा तर प्रश्नच येत नाही, इथे सील धातूवर धातूचे असते.

वळणे बेंडरने, निदान 15 मिमी त्रिज्येची द्यावीत. पाईप सायलेन्सर, पाटे (स्प्रिंगच्या पट्ट्या) आणि प्रोपेलर शाफ्टपासून दूर ठेवून साधारण फुटाफुटावर रबर लावलेल्या क्लिपेत धरावा. नट पहिले काही आटे बोटांनीच फिरवावेत, मग 12 ते 18 न्यूटन-मीटरपर्यंत आवळावेत.

हवा काढणे : बाटलीवर लिहिलेले डॉट 3 किंवा डॉट 4 ऑइल, सीलबंद, अर्धा ते एक लिटर लागते. टाकीच्या झाकणावर लिहिलेलाच दर्जा वापरावा. इंजिन किंवा स्टिअरिंगचे तेल चुकून गेले तर सगळी रबरे फुगतात आणि काम दुप्पट होते. हवा सर्वांत लांबच्या चाकापासून काढतात. उजवीकडच्या स्टिअरिंगच्या गाडीत सहसा मागचे डावे, मागचे उजवे, पुढचे डावे, पुढचे उजवे असा क्रम असतो. तिरप्या विभागणीच्या सर्किटला (एक पुढचे आणि समोरच्या बाजूचे मागचे चाक एका मार्गावर) तो बदलतो. चाकाजवळच्या हवा काढायच्या निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक ऑइलमध्ये बुडवावे आणि मास्टरची टाकी मध्ये रिकामी होऊ देऊ नये.

दोन गोष्टी पुस्तकी क्रमात सापडत नाहीत. पिकअपमध्ये भारानुसार मागचा ब्रेक कमी-जास्त करणारा व्हॉल्व्ह असेल, तर चेसिस उचलून अ‍ॅक्सल लटकत ठेवल्यास तो मागचे ऑइल अडवतो. घोड्या अ‍ॅक्सलखाली लावाव्यात. दुसरे, हवा काढताना जुन्या मास्टर सिलिंडरचे पेडल तळापर्यंत दाबू नये. एरवी न वापरलेल्या भागातल्या गंजावर रबर घासून कापले जाते. पेडलखाली लाकडी ठोकळा ठेवावा.

शेवटी पेडल मिनिटभर जोरात दाबून प्रत्येक जोड कोऱ्या कागदाने पुसून पाहावा. रंगावर सांडलेले ऑइल लगेच पाण्याने धुवावे, रंग उतरतो. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषते आणि त्याचा उकळबिंदू उतरतो. डॉट 3 च्या नव्या ऑइलचा उकळबिंदू किमान 205 अंश सेल्सिअस, ओलावा शोषलेल्याचा 140. कन्नड घाट चाळीसगावकडे उतरताना भरलेली गाडी सतत ब्रेकवर ठेवली की जुने ऑइल उकळून पेडल पोकळ होते (दाबूनही ब्रेक लागत नाही), आणि मेच्या उन्हात हे लवकर होते. म्हणून ऑइल साधारण दोन वर्षांनी बदलतात. खासगी गाडीची 15 वर्षांनंतरची नोंदणी नूतनीकरणापूर्वी होणाऱ्या तपासणीत ब्रेकही पाहिले जातात, तेव्हा पाईपाचे काम त्याआधी उरकावे. पहिल्या भरलेल्या फेरीनंतर जोड पुन्हा एकदा कोरड्या कागदाने तपासावेत.